एकटीनं राजूरला

नगरहून राजूरला जायचं तर तीन गाड्या लागतात. नगर ते संगमनेर, संगमनेर ते अकोले आणि अकोले ते राजूर. आज हे वाक्य मी सहज लिहिलं, पण एकाहत्तरच्या दिवाळीआधी कुणी मला हे नुसतं सांगितलं असतं तरी माझ्या तळहातांना घाम सुटला असता.

मी तेव्हा अडतीस वर्षांची होते. मुलींच्या शाळेत सोळा वर्षं शिकवत होते, साठ मुलींचा वर्ग नजरेनं गप्प करत होते, आणि आयुष्यात एकदाही एकटी एस.टी.त बसले नव्हते. पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात वडिलांनी नेऊन सोडलं आणि सुट्टी लागली की तेच न्यायला आले. ते गेल्यावर हे काम दादानं, माझ्या थोरल्या भावानं, उचललं. मी कुठं गेले असं खरं तर म्हणताच येत नाही. मला नेलं जायचं. भीती कशाची, असं कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही. मला गाडी लागायची, हे तर होतंच. पण त्याहून मोठं भय वेगळं होतं. चुकीच्या गाडीत बसले तर? उतरायचं ठिकाण मागं राहिलं तर? कंडक्टरला हाक मारली आणि अख्ख्या गाडीनं वळून पाहिलं तर?

आणि इंदू तर राजूरच्याही पुढं राहत होती.

इंदू आणि मी ट्रेनिंग कॉलेजात एका खोलीत राहिलो. ती संगमनेरची. ती एकादशी करायची, मी रविवारी उपासनेला जायची, आणि आठवड्यातले बाकीचे दिवस आम्ही दोघी मिळून खानावळीच्या आमटीला नावं ठेवायचो. पुढं तिनं एका शिक्षकाशी लग्न केलं आणि दोघं डोंगरातल्या उंबरवाडीच्या शाळेवर गेली. महिन्याला तिचं एक पत्र यायचं. त्यात पाऊस असायचा, पोरांच्या खोड्या असायच्या, आणि शेवटची ओळ ठरलेली: "कधी येतेस?"

दोन वर्षांपूर्वी तिचे यजमान तापानं गेले. चार दिवसांचा ताप, वाटा पाण्यानं बंद, डॉक्टरपर्यंत नेताच आलं नाही. कळल्याबरोबर मी पिशवी भरली. दादाला यायला जमत नव्हतं, म्हणून हट्टानं एकटी नगरच्या स्टँडवर गेले. संगमनेरची गाडी लागली, माणसं चढली, आणि माझे पाय काही उचलेनात. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी गेली. मी टांगा करून घरी आले आणि इंदूला पत्र लिहिलं, की मला ताप भरलाय, म्हणून येता आलं नाही.

यंदा सुट्टी लागायच्या आधी तिचं पत्र आलं. भातं कापणीला आलीत, शाळेची कौलं शाकारून घेतली, तुझ्या वहिनींची तब्येत कशी आहे. मी कागद उलटून पाहिला. "कधी येतेस" ही ओळ कुठंच नव्हती.

दादा नुकताच नगरजवळच्या नागापूरला, औद्योगिक वसाहतीतल्या एका नव्या कारखान्यात लागला होता. नव्या नोकरीत रजा कुठली? "नाताळापर्यंत थांब," तो म्हणाला, "मी येतो सोबत."

"नाही," मी म्हटलं. "मी जाते."

वहिनीनं तव्यावरची भाकरी उलटायची सोडून माझ्याकडं पाहिलं. भाकरी करपली, तरी ती पाहतच होती.

नगर ते संगमनेर

दादा स्टँडवर सोडायला आला होता. एवढी सवलत मी स्वतःला दिली. त्यानं खिडकीजवळची जागा धरली, कंडक्टरला "आमच्या ताईंना संगमनेरला उतरवा" असं तीनदा सांगितलं, आणि गाडी हलली तेव्हा तो खिडकीबरोबर थोडा चालत आला. मी हसले, बहुधा. राहुरी येईपर्यंत मी समोरच्या सीटचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरून बसले होते.

बाहेर ऊस होता. कोल्हारच्या अलीकडं दोन्ही बाजूंना इतका दाट, की गाडी बोळातून चालल्यासारखी वाटत होती. कारखान्याकडं निघालेल्या बैलगाड्यांची रांग लागली होती आणि आमचा ड्रायव्हर एकेका गाडीला हॉर्न देत, थांबत, गचके देत चालला होता. त्या गचक्यांनी व्हायचं तेच झालं. तोंडात धरलेला आलेपाक काही कामाचा ठरला नाही. मी खिडकीबाहेर डोकं काढलं.

कपाळाखाली एक हात आला. शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्या बाईचा. तोवर आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललो नव्हतो. तिनं माझं डोकं असं धरलं, जसं ताप आलेल्या लेकराचं धरावं, आणि दुसऱ्या हातानं पाठ चोळत राहिली. मी ओशाळून माफी मागायला लागले.

"अगं, त्यात काय," ती म्हणाली. "मला तर बैलगाडीसुदिक लागती. मी काय घरी बसू का?"

ती लोणीला उतरली. उतरताना पदराच्या गाठीतून एक लिंबू काढून माझ्या हातावर ठेवलं. ते तिनं स्वतःसाठी आणलं होतं, हे मला ती दिसेनाशी झाल्यावर सुचलं.

संगमनेर

संगमनेरच्या स्टँडवर मी जे केलं ते सांगायला आजही लाज वाटते, पण सांगते. अकोल्याची गाडी कुठं लागते हे मी कुणालाच विचारलं नाही. विचारायचं कसं, कुणाला, किती मोठ्यानं, याचा विचार करत मी अर्धा तास एका खांबापाशी उभी होते. एक गाडी आली, माणसं धावली, माझ्याजवळच्या दोन बायका "चला, आली आली" म्हणत चढल्या आणि त्यांच्यामागं मीही चढले. पाटी पाहायला पुढं जावं लागलं असतं, आणि तोवर जागा गेली असती.

कंडक्टर आला तेव्हा गाडी गावाबाहेर पडली होती.

"अकोले," मी पैसे पुढं केले.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "बाई, ही नाशिकची गाडी हाय. पाटी वाचली न्हाई व्हय? वाचता येतं का?"

"मी शिक्षिका आहे," मी म्हटलं.

गाडीत हशा पिकला. ज्या गोष्टीला मी आयुष्यभर भ्याले होते ती तंतोतंत तशीच घडत होती. अख्खी गाडी वळून पाहत होती. कंडक्टरनं घंटी ओढली आणि मी पिशवी घेऊन भर रस्त्यात उतरले.

गाडी गेली. धूळ बसली. दुपारचा एक वाजला असेल. एका बाजूला कांद्याचं रान, दुसऱ्या बाजूला बाभळी, मागं दीड-दोन मैलांवर संगमनेर. मी रडेन असं मला वाटलं होतं. वाट पाहिली, पण रडू आलं नाही. तहान मात्र लागली होती. कांद्याच्या रानात पाणी धरणाऱ्या एका बाईकडं मी पाणी मागितलं. पाटाचं वाहतं पाणी तिनं माझ्या ओंजळीत घातलं, ते पिऊन मी लिंबू दातांनी फोडून चोखलं आणि चालायला लागले.

त्या चालण्यात माझ्या मनाशी एकच गोष्ट घोळत होती. सगळी गाडी हसली. बरं, मग? हसली आणि नाशिकला गेली. त्या माणसांपैकी एकही पुन्हा मला भेटणार नव्हतं.

स्टँडवर पोचले तेव्हा साडी धुळीनं भरली होती आणि चपलेचा अंगठा तुटायला आला होता. मी सरळ मधोमध उभी राहिले आणि वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचतो तो आवाज काढला.

"अकोल्याची गाडी कुठं लागते?"

पाच माणसांनी एकाच वेळी बोट दाखवलं. इतकं सोपं होतं ते.

राजूर

अकोल्याला गाडी बदलून राजूरला पोचेस्तोवर ऊन उतरलं होतं. अकोल्याच्या पुढं मुलूख बदलतो. आमच्या नगरकडं नजर कुठंही अडत नाही. उघडी माळरानं, लांबवर एखादी टेकडी. इथं डोंगर रस्त्याच्या अंगावर येतात. हवेत गारवा होता आणि कापलेल्या भाताचा वास. माझ्या खिडकीतून एकामागं एक काळे कडे सरकत होते आणि पोटात ढवळायचं राहूनच गेलं.

संगमनेरच्या घोळात दोन-तीन तास गेले नसते तर उजेडात उंबरवाडी गाठता आली असती. आता वाडी तीन कोस वर आणि दिवस संपत आलेला. स्टँडजवळ चंद्रभागाबाईंचं चहाचं दुकान होतं. माझ्याच वयाची, कपाळावर मोठं गोंदण असलेली बाई. मी चहा मागितला आणि दुसऱ्या घोटाला सगळं सांगून मोकळी झाले.

"उंबरवाडीच्या बाईंकडं? आत्ता न्हाई जायचं," त्या म्हणाल्या. "उद्या बाजार हाय. वाडीची ठकूबाई कोंबड्या घिऊन येती. बाईंची शेजारीनच हाय ती. तिच्यासंगं जा. आज हितंच ऱ्हावा."

"इथं? कुठं?"

"हितं म्हंजे माझ्या घरी. का, ऱ्हात न्हाई का मी?"

मी जरा घुटमळले आणि म्हणाले, "मी ख्रिस्ती आहे." नगरमध्ये कुणाच्या घरात शिरण्याआधी हे सांगून टाकायची आम्हाला सवय असते. नंतर कळून त्यांनी विटाळ झाला म्हणून भांडी घासत बसण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं.

चंद्रभागाबाईंनी कपबशी विसळली. "हुलग्याची शेंगोळी चालतात का तुमच्यात?"

"चालतात."

"मंग झालं."

ती शेंगोळी मी कधी विसरणार नाही. लसणाचा सढळ हात, वर कच्चं तेल. चुलीपुढं बसून आम्ही दोघींनी एका परातीत भाकरी कुस्करली. वहिनीनं बांधून दिलेल्या करंज्या मी काढल्या. आमच्याकडं त्या नाताळात करतात, वहिनीनं प्रवासासाठी आधीच केल्या होत्या, हे ऐकून चंद्रभागाबाईंना नवल वाटलं. "म्हंजे तुमची दिवाळी लांबनीवर," असं म्हणून त्यांनी ते प्रकरण मिटवलं. मग मला पटकुरावर झोपायला सांगून त्या स्वतः दाराशी आडव्या झाल्या. आपल्या माणसानं नेऊन न सोडता, अनोळखी छपराखाली ही माझी पहिली झोप. ती लागणार नाही याची मला खात्री होती. पण सकाळी चंद्रभागाबाईंना मला हलवून उठवावं लागलं.

राजूरचा बाजार म्हणजे डोंगर खाली उतरलेला. बायका डोक्यावर पाट्या घेऊन येत होत्या: हिरडे, मध, कोंबड्या, कसलीशी कंदमुळं. परत जाताना मीठ, सुकट, बांगड्या. आमच्या नगरच्या बाजारात विकणारा ओरडतो. इथं विकणारी गप्प बसते आणि घेणारा बोलत राहतो. ती मान हलवत नाही तोवर.

त्यातच ठकूबाई भेटली. पन्नाशीची, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि चपलांवर तिची नजर थांबली.

"ह्या काय टिकत न्हाईत," ती म्हणाली. "हातात घ्या."

उंबरवाडीच्या वाटेवर

तीन कोसांपैकी पहिला सपाट होता. ठकूबाईनं माझी पिशवी आपल्या रिकाम्या डालग्यात टाकून डोक्यावर घेतली होती आणि ती बोलत चालली होती. बाईंनी पोरांना कसं वळण लावलं, गुरुजी गेल्यावर बाई जातील असं वाटलं होतं पण गेल्या नाहीत, असं सगळं.

मग ती एकदम थांबली. "तुमी नगरच्या मैतरीन ना? ताप आल्ता त्याच ना?"

मी म्हटलं, "हो."

"लई घाबरल्या हुत्या बाई तवा. गुरुजी तापानंच गेल्ते ना. तुमचं पत्र आलं आन् ह्या थरथरा कापाय लागल्या. म्हनल्या, ठकू, आता ही बी जाती बघ. तेरावं झालं आन् दुसऱ्याच दिशी देवीला नारळ बोलल्या तुमच्यासाठी. मंग तुमचं बरं असल्याचं पत्र आलं, तवा मीच गेल्ते संगं नारळ फोडाया."

ठकूबाई पुढं बोलत राहिली. मला काही ऐकू येईना. ताप हा शब्द मी लिहिला तेव्हा तो मला सगळ्यांत साधा, सगळ्यांत निरुपद्रवी वाटला होता. नवरा तापानं गेलेल्या बाईला तो शब्द लिहिताना माझा हात थांबला कसा नाही? तिच्या दुःखात जायचं सोडून मी तिच्या दारात आणखी एक भीती पाठवली होती.

वाट आता चढाला लागली आणि मध्ये एक ओढा आडवा आला. पाणी गुडघाभर, पण वेगाचं, आणि दगडांवर शेवाळ. ठकूबाई सराईतपणे पलीकडं गेली. मी काठावर उभी राहिले. पाय उचलेनात. नगरच्या स्टँडवर उचलले नव्हते, अगदी तसेच.

"हात देता का?" मी ओरडले.

"हात धरला तं दोगी पडू," तिकडून उत्तर आलं. तिनं डालगं खाली ठेवलं, एक काठी शोधली आणि माझ्याकडं फेकली. "काठी आधी टेका. ती ठरली की पाय. पान्याकडं बगू नका, माझ्याकडं बगा."

मागं फिरायला वाट मोकळी होती. एकटीनं राजूर गाठता आलं असतं, कोणतीही थाप मारता आली असती. पण आता मला इंदूला तोंडानं सांगायचं होतं, आणि त्याला दुसरा रस्ता नव्हता. मी काठी टेकली. ती ठरली. पाय टाकला. मधल्या दगडावर मी घसरले आणि कमरेपर्यंत भिजले, पण पडले पाण्यात आणि उठलेही पाण्यातच. पलीकडं पोचले तेव्हा ठकूबाई हसत नव्हती. तिनं आपल्या पदराचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तोंड पुसा."

उंबरवाडी

इंदू खळ्यावर होती. ठकूबाईच्या भाताची झोडणी चालू होती आणि सुट्टी असल्यामुळं इंदूही पेंढ्या झोडत होती. ओढ्यात भिजलेली, अनवाणी, हातात काठी घेतलेली मी खळ्याच्या कडेला उभी राहिले. तिनं वर पाहिलं. हातातली पेंढी तशीच राहिली.

"सुमन?" ती म्हणाली. मग माझ्या पाठीमागं पाहिलं. "दादा कुठं आहेत?"

"मी एकटी आलेय."

तिनं पेंढी टाकली आणि मला मिठी मारली. तिच्या केसांत भाताचं कुसळ होतं, ते माझ्या गालाला टोचलं. ती बारीक झाली होती. तिचे खांदे माझ्या हातांना ओळखीचे वाटेनात. मला वाटलं, आत्ता काही सांगू नये, दोन दिवस जाऊ द्यावेत. पण मग मी सांगितलंच नसतं.

"इंदू, मला तेव्हा ताप नव्हता आला."

ती मागं सरली.

"मी स्टँडवर गेले होते. गाडी समोर होती. मला एकटीला चढता आलं नाही. भीती वाटली. आणि मग तुला खोटं लिहिलं."

खळ्यावर इतर बायका होत्या. त्यांच्या पेंढ्या दगडावर आपटत होत्या. इंदूनं वाडीमागच्या टेकाडाकडं हात केला. "मी रोज दुपारी त्या टेकाडावर जाऊन बसायची," ती म्हणाली. "राजूरहून येणारी वाट दिसते तिथून. लोकांना वाटायचं, ह्यांच्यासाठी रडायला जाते. मी तुझी वाट बघायची. मग तुझं पत्र आलं."

एवढं बोलून तिनं पेंढी उचलली आणि झोडायला लागली, पहिल्यापेक्षा जोरात. मी तिथंच उभी. काय करावं ते कळेना. मग मीही एक पेंढी घेतली. मला झोडता येत नव्हतं. दाणे खळ्याबाहेर उडत होते. दिवस कलेपर्यंत आम्ही शेजारी शेजारी झोडत होतो आणि ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. जेवायला मात्र तिनं माझ्या ताटात आधी वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राशीची पूजा होती. खळ्याच्या मधोमध भाताचा ढीग. काळभात तो, त्याचा वास असा की नुसत्या वासावर जेवण व्हावं. आमच्याकडं भात पाहुणा आला तर शिजतो, रोजची बाजरी. इथं धान्याची रास पाहून मला आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, पीक उपकारस्तुती आठवली. लोक ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबड्या घेऊन देवापुढं ठेवतात. मी ते ठकूबाईला सांगितलं. "म्हंजे येकच की," ती म्हणाली आणि राशीला हळदकुंकू लावलं. मी कडेला हात जोडून उभी राहिले, मनात माझ्या शब्दांत प्रार्थना करत.

ठकूबाईनं नारळ पुढं केला. इंदूनं तो घेतला, हातात तोलला आणि अचानक माझ्याकडं वळली.

"न आलेल्या तापाचा नारळ फोडलाय मी," ती म्हणाली. "तो आता देवीकडं परत मागायचा का, बोल."

तिचा आवाज अजून रागाचाच होता. पण ओठाचा कोपरा हलला. कॉलेजात हसू दाबताना हलायचा तसा. मी तोंडावर पदर घेतला. आणि मग आम्ही दोघी त्या राशीसमोर अशा हसलो, की ठकूबाईला नारळ आपल्या हातात परत घ्यावा लागला. हसता हसता इंदू खाली बसली आणि रडायला लागली. मी तिच्याजवळ बसले. दोन वर्षं उशिरा, पण बसले.

त्या दुपारी तिनं ओसरीवर ऊन घेत मला एक गोष्ट सांगितली. गुरुजी गेल्यापासून ती राजूरच्या खाली उतरली नव्हती. माहेरीसुद्धा नाही. "लोक म्हणतात, बाईंना गावाची माया आहे. आहेच. पण खरं सांगू? संगमनेरला गेले की सगळ्यांची नजर आधी माझ्या कपाळावर जाणार. ती कल्पना आली की मी इथंच बरी, असं वाटतं. तुला गाडीचं भय, मला माणसांचं. कोण कुणाला हसणार?"

"नाताळात ये," मी म्हटलं. "मी न्यायला येते."

"तू?" ती म्हणाली, आणि सरकलेल्या उन्हात जरा पुढं होऊन बसली. "ये. बघू."

मी तिथं चार दिवस राहिले. नागलीची भाकरी आणि खुरासणीची काळी चटणी खाल्ली. ठकूबाईच्या नातीला सोळाचा पाढा शिकवला, तिनं मला दूध कसं काढतात ते शिकवलं, आणि दोन्हीत मीच कच्ची निघाले. निघायच्या दिवशी इंदू राजूरपर्यंत पोचवायला निघाली. मी तिला वाडीच्या टोकाला थांबवलं. ओढा मी एकटीनं ओलांडला. घसरले पुन्हा, पण घोट्यापर्यंतच.

भंडारदरा

राजूरच्या स्टँडवर चंद्रभागाबाईंचा चहा घेत असताना दोन गाड्या लागल्या. एक अकोल्याची. तिच्यात जागा होती, खिडकीसुद्धा. दुसरी शेंडीची, म्हणजे भंडारदऱ्याच्या धरणाकडं जाणारी. घरी मी शनिवारी येते असं सांगितलं होतं आणि आज गुरुवार होता.

धरणावर माझं कुणी नव्हतं. कुणी बोलावलेलं नव्हतं, कुणाची माफी मागायची नव्हती. इंदूकडं जाण्याला कारण होतं. याला काहीच कारण नव्हतं. मी पुढं जाऊन पाटी वाचली, कंडक्टरला परतीची शेवटची गाडी कितीला ते विचारलं आणि चढले.

धरणाच्या भिंतीवर पोचले तेव्हा वारा इतका होता की पदर दोन्ही हातांनी धरावा लागला. एका बाजूला पाणी, डोंगरांच्या पायापर्यंत पसरलेलं, निळं, आणि वाऱ्याच्या लाटांवर कळसूबाईच्या रांगेची सावली हलत होती. दुसऱ्या बाजूला खोल खाली झाडं. मी कठड्याशी टेकून उभी राहिले.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की या घटकेला मी कुठं आहे हे जगात कुणालाच ठाऊक नाही. दादाला वाटत असेल मी उंबरवाडीला आहे. इंदूला वाटत असेल मी गाडीत आहे. माझ्या माणसांपैकी एकाच्याही डोळ्यांसमोर मी आत्ता नव्हते. लहानपणापासून ज्या गोष्टीनं मला घाम फुटायचा ती हीच होती बहुतेक. तिचं नाव मला कधी सापडलं नव्हतं, एवढंच. मी तिची वाट पाहत उभी राहिले, छातीत धडधड सुरू होईल म्हणून. वारा येत होता. पाण्यावर एक पाणकोंबडी बुडी मारून वर आली, पुन्हा बुडाली.

मला भूक लागली होती.

मी भिंतीच्या आडोशाला बसून शिदोरी सोडली. धरणावरचा चौकीदार, खाकी सदऱ्यातला म्हातारा, दुरून मला पाहत होता. शेवटी त्याला राहवेना. तो जवळ आला.

"बाई, कुनाची वाट बगताय?"

"कुणाची नाही," मी म्हटलं.

"येकट्याच?"

"एकटीच."

त्यानं मागं वळून रस्त्याकडं पाहिलं, कुणी येतंय का म्हणून. कुणी येत नव्हतं. मी भाकरीचा तुकडा मोडून चटणी लावली आणि त्याच्यापुढं धरली. तो माझ्यापासून दोन हातांवर बसला, आणि आम्ही पाण्याकडं पाहत खाल्लं.